ज्यूटच्या गाठी आणि सिंधूचे पाणी

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्याविषयीची एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानजवळ स्वतःच्या नोटा छापण्याची सोय नव्हती. म्हणून त्या नव्या देशाच्या पहिल्या नोटा नाशिकलाच छापून गेल्या. सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र असलेल्या त्याच हिंदुस्थानी नोटा. फक्त त्यांवर ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ आणि ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरे जास्तीची. टपालाच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्दही आधी नाशिकलाच उमटला. मुंबईची रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. काश्मीरमध्ये लढाई पेटलेली असताना इकडे एकाच गावच्या छापखान्यातून दोन्ही देशांच्या नोटा निघत होत्या.

ही हकीकत वर्गात सांगितली की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. एकदा दहावीच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, एकमेकांवाचून इतके अडत होते, तर मग भांडले कसे?” प्रश्न साधा होता. उत्तर त्या तासाला पुरे झाले नाही. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पण त्याआधी पालकांशी दोन शब्द. आपल्या समाजात हा विषय निघाला की घरातली मोठी माणसे आवाज खाली आणतात. कोकणातल्या कितीतरी घरांचे चुलते, मामा नोकरीधंद्यासाठी फाळणीच्या आधीच कराचीला गेलेले होते. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे कराचीला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. मुंबईच्या धक्क्यावर आगबोटीत बसायचे, एवढेच. पुढे सरहद्द झाली आणि त्या नात्यांविषयी बोलताना कोणी भलताच अर्थ काढील, अशी धास्ती लोकांना वाटू लागली. परिणामी आपली मुले परीक्षेत भारत-पाकिस्तान संबंधांवरचा प्रश्न सोडून शेजारचा लिहितात. हे बरे नव्हे. हा प्रश्न आपल्या देशाच्या इतिहासाचा आहे, आणि तो इतर कोणत्याही प्रश्नासारखाच तारखा नि आकडे घेऊन सोडवता येतो.

शेजारी राष्ट्रांत व्यापार वाढला की लढाई टळते, हे मत जुने आहे. नॉर्मन एंजेल या इंग्रज लेखकाचे ‘द ग्रेट इल्युजन’ हे पुस्तक १९१० साली गाजले. युरोपातील राष्ट्रांचे व्यवहार एकमेकांत इतके गुंतले आहेत, की जिंकणाऱ्यालाही युद्ध परवडणार नाही, असे त्याने दाखवून दिले. चारच वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि एकमेकांचे बडे गिऱ्हाईक असलेले इंग्लंड आणि जर्मनी परस्परांवर तुटून पडले. तेव्हापासून एंजेलची थट्टा करण्याची चालच पडली आहे. वास्तविक युद्ध अशक्य आहे असे तो म्हणाला नव्हता. ते तोट्याचे आहे असे म्हणाला होता, आणि ते खरेच ठरले. माणसे तोटा दिसत असूनही लढतात, एवढेच त्याच्या हिशेबात नीट बसले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने वेगळी वाट धरली. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी सुचविले, की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारमंडळाच्या हाती द्यावे. इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग हेही आले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला करार झाला. व्यापार तर १९१४ पूर्वीही होता. नवे काय होते? कोळशाची गाडी एखाद्या मंत्र्याने रात्रीतून हुकूम काढून थांबवावी, ही सोयच त्यांनी काढून टाकली. तंटा झाला तर कोर्ट होते. तोफा ज्या पोलादाच्या होतात, ते पोलादच एकट्या कोणाचे राहिले नाही.

नेमक्या त्याच वर्षी आपल्याकडे कोळसा आणि ज्यूट यांचे काय चालले होते, ते आता पाहू.

फाळणीच्या रेघेने गावे तोडली, कुटुंबे तोडली, हे सर्वांना माहीत आहे. तिने शेत आणि गिरणीही तोडली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. अखंड हिंदुस्थानातील ज्यूटचे बहुतेक पीक पूर्व बंगालमध्ये, मैमनसिंग-ढाका भागात येत असे; आणि ज्यूटच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी. पूर्व पाकिस्तानच्या वाट्याला एकही गिरणी आली नाही. कापसाचे तेच. सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस पाकिस्तानात गेला, पण ३९४ कापडगिरण्यांपैकी अवघ्या १४ तिकडे गेल्या. बाकीच्या मुंबई, अहमदाबाद, सोलापूर अशा ठिकाणी राहिल्या. परळ-लालबागच्या गिरण्यांना माल सिंधचा लागे, आणि कराचीच्या बाजारात कापड इकडचे खपे. पाकिस्तानच्या आगगाड्या झरिया आणि राणीगंजच्या कोळशावर धावत. १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता आणि त्याच्या आयातीचा सुमारे तिसरा हिस्सा भारताकडून जात होता.

पहिले काही महिने दोन्ही देशांत मालाची ये-जा पूर्वीसारखीच चालली. १ मार्च १९४८ पासून उभय सरकारांनी जकातीपुरते एकमेकांना परदेश ठरविले. काल ज्या वाटेने गाठी जात होत्या, त्या वाटेवर आज जकातनाका उभा राहिला. तरी व्यापार चालूच होता. दोघांचेही अडत होते ना!

खरा घाव बसला तो सप्टेंबर १९४९ मध्ये, आणि तो बंदुकीने नव्हे, हुंडणावळीच्या दराने. १८ सप्टेंबरला इंग्लंडने पौंडाची किंमत ३०.५ टक्क्यांनी उतरवली. भारताने आपला रुपया त्याच प्रमाणात उतरवला. पाकिस्तानने मात्र नकार दिला. त्याचेही गणित होते: ज्यूट आणि कापूस यांना जगात मागणी होती, आणि रुपया चढा राहिला तर परदेशची यंत्रे स्वस्तात मिळणार होती. पण याचा परिणाम असा झाला, की पाकिस्तानचे शंभर रुपये घ्यायला भारताचे १४४ रुपये मोजावे लागणार. कालपर्यंत शंभराला शंभर! भारताने हा दर मानला नाही. पाकिस्तानने बदलला नाही. प्रश्न अर्थशास्त्राचा होता, पण तो ताबडतोब अब्रूचा झाला. कोणाचा रुपया मोठा, यावर वर्तमानपत्रांत लेख येऊ लागले.

पुढची पावले ठराविक आहेत. कोणत्याही दोन भांडखोर शेजाऱ्यांची हीच असतात. पूर्व बंगालमध्ये भारतीय गिरण्यांनी पैसे मोजून विकत घेतलेला ज्यूट अडविला गेला. डिसेंबर १९४९ मध्ये भारताने कोळसा बंद केला. कलकत्त्याच्या गिरण्या कमी तास चालू लागल्या. तिकडे ज्यूट पिकविणाऱ्या कुळाच्या अंगणात माल पडून राहिला. हा शेतकरी बहुतांशी गरीब मुसलमान. पाकिस्तानचा रुपया मोठा झाला याचा त्याला कवडीचा उपयोग नव्हता. कराचीच्या सरकारने ज्यूटला किमान भाव बांधून दिला, तरी गावच्या बाजारात तो भाव देणारा गिऱ्हाईक कुठे होता?

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १९५० च्या सुमारास, बंगालच्या दोन्ही बाजूंना भयंकर दंगली झाल्या आणि लक्षावधी लोक सीमा ओलांडून इकडचे तिकडे झाले. दंगलींची कारणे जुनी आणि खोल होती. त्या ज्यूटमुळे झाल्या, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. पण दोन्ही राजधान्यांत युद्धाची भाषा चालू असताना, लढाई नको म्हणणारा व्यापारी, आडत्या, गिरणीमालक, नावाडी यांच्या हाती त्या वेळी काही उरले नव्हते, हेही तितकेच खरे. ज्यांचा रोजचा धंदा शांततेवर चालतो त्यांचाच धंदा आधी बंद पाडण्यात आला होता. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली खान यांनी दिल्लीत अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार केला. त्याच महिन्यात ज्यूटच्या खरेदीपुरता एक तात्पुरता व्यापार करारही झाला. दोन्ही एकाच महिन्यात व्हावेत हा निव्वळ योगायोग नसावा, असे आमचे मत आहे.

जूनमध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि पाकिस्तानच्या ज्यूट-कापसावर साऱ्या जगाच्या उड्या पडल्या. त्याचा रुपया तगला. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने निमूटपणे तो दर मान्य केला आणि कोळसा पुन्हा सुरू झाला. (पुढे १९५५ साली पाकिस्ताननेच आपला रुपया उतरवून भारताच्या बरोबरीस आणला. तोवर जवळजवळ सहा वर्षे गेली होती.)

व्यापार परत सुरू झाला, पण विश्वास परत आला नाही. एकदा अडवणूक झाली की माणूस दुसरी सोय पाहतो. देशही तेच करतो. भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहार येथे भाताच्या जमिनी ज्यूटखाली आणून चार-पाच वर्षांत आपले ज्यूटचे पीक दुपटीपलीकडे नेले. आणि हे कधी, तर धान्याची टंचाई असताना, रेशनच्या रांगा लागलेल्या असताना. पाकिस्तानने १९५१ मध्ये नारायणगंजला आदमजी ज्यूट मिल उभारली. ती पुढे जगातील सर्वांत मोठी ज्यूट गिरणी म्हणून प्रसिद्ध झाली. कराचीत कापडगिरण्या निघाल्या. दोन्हीकडे याला स्वावलंबन म्हणून गौरविले गेले, आणि कारखाने निघाले ही गोष्ट काही वाईट नव्हे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या दाराशी नदी होती आणि नदीच्या टोकाला गिरणी होती, त्या दोघांना तोडून दोन्ही देशांनी तीच वस्तू दुप्पट खर्चाने दोनदा उभी केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने झालेला तोटा याहून मोठा होता. पुढच्या भांडणात थांबायला भाग पाडील असे कारणच शिल्लक राहिले नाही.

आता दुसरी गोष्ट, पाण्याची. ती पहिल्याच्या अगदी उलट आहे.

पंजाबचे कालवे इंग्रजांनी एकच प्रांत समजून बांधले होते. फाळणीच्या रेघेने माधोपूर आणि फिरोजपूरची धरणदारे भारतात ठेवली आणि त्यांवर भिजणारी बरीचशी जमीन पाकिस्तानात. दोन पंजाबांमधला तात्पुरता करार ३१ मार्च १९४८ ला संपला. १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी बंद केले. खरिपाच्या पेरणीचे दिवस जवळ आले होते. ४ मे रोजी दिल्लीत समझोता होऊन पाणी पुन्हा सुटले. पण त्या पाच आठवड्यांची आठवण तिकडच्या शेतकऱ्याच्या मनातून गेली नाही. पाण्याची चावी दुसऱ्याच्या हातात आहे ही भीती तोफेच्या भीतीपेक्षा निराळी असते. ती रोज सकाळी शेतावर जाताना सोबत येते.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी खोरे योजनेचे माजी प्रमुख डेव्हिड लिलिएंथल येथे येऊन गेले. त्यांनी लिहिले, की सिंधूचे खोरे एक समजून दोघांनी मिळून बांधावे, मिळून चालवावे. कल्पना सुंदर होती. शुमानच्या कोळसा-पोलादाचीच सख्खी बहीण म्हणा. जागतिक बँकेचे अध्यक्ष युजीन ब्लॅक यांनी मध्यस्थी पत्करली. परंतु वर्ष-दोन वर्षांच्या बोलण्यांतून बँकेच्या लक्षात आले, की एकत्र कालवा चालवण्याइतका विश्वास येथे नाही. म्हणून १९५४ मध्ये बँकेने सरळ वाटणी सुचविली: रावी, बियास, सतलज या पूर्वेच्या तीन नद्या भारताला, सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेच्या तीन पाकिस्तानला.

त्यावर आणखी सहा वर्षे चर्चा झाली. अखेर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू, अध्यक्ष अयुब खान आणि बँकेचे विल्यम इलिफ यांनी सिंधू जल करारावर सह्या केल्या. पूर्वेच्या नद्यांऐवजी पश्चिमेच्या नद्यांवरून नवे कालवे काढण्यासाठी भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यावयाचे ठरले. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त मिळून कायमचे सिंधू आयोगमंडळ झाले, त्याची वर्षातून निदान एक बैठक बंधनकारक झाली, आणि मतभेद झाल्यास तटस्थ तज्ज्ञ व लवाद अशा पायऱ्या घालून दिल्या.

करारावर त्या वेळी लोकसभेत टीका झाली, पाकिस्तानातही झाली. दोघेही म्हणत होते आपण फसलो. बहुधा वाटणी बरी झाली असावी. १९६५ च्या सप्टेंबरात लाहोरच्या आणि खेमकरणच्या शेतांत रणगाडे लढत होते, तरी भारताने हप्ता चुकवला नाही. १९७१ ची लढाई झाली, १९९९ ला कारगिल झाले, करार टिकला. बगलीहार धरणाचा वाद तटस्थ तज्ज्ञाकडे गेला आणि २००७ मध्ये निकाल लागला, किशनगंगेचा लवादाकडे गेला. दोन्ही वेळा दोन्ही बाजूंचे लोक फायली घेऊन बसले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. ज्यूटच्या व्यापारात अवलंबून असणे पुष्कळ होते, पण त्याला नियम नव्हता. ज्याच्या हाती ज्या क्षणी चावी आली, त्याने ती फिरवली. सिंधूच्या बाबतीत अवलंबून असणे मुद्दाम कमी केले गेले आणि जेवढे उरले तेवढ्याला पक्का नियम घातला गेला. एक वर्षभरात तुटले, दुसऱ्याने तीन युद्धे पाहिली. युरोपने आपले कोळसा-पोलाद एकत्र करून जे साधले, ते आपण नद्या वेगळ्या करून थोडेफार साधले. पण दोन्हीकडे मर्म तेच, की कोणा एकाला रागाच्या भरात नळ बंद करता येऊ नये.

व्यापाराची पुढची कहाणी लवकर सांगून होते. १९६५ च्या युद्धात दोघांनी एकमेकांची जहाजे आणि माल जप्त केला, बंगालमधल्या सरहद्दीवरच्या आगगाड्याही बंद झाल्या. १९७४ च्या अखेरीस बंदी उठली. १९७६ मध्ये समझौता एक्सप्रेस सुरू झाली. १९९६ मध्ये भारताने पाकिस्तानला व्यापारात ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा’चा दर्जा दिला, पाकिस्तानने परतफेड केली नाही. मधल्या काळातले एक उदाहरण मात्र सांगण्यासारखे आहे. २१ ऑक्टोबर २००८ पासून काश्मीरच्या नियंत्रणरेषेवरून उरी आणि पूंछच्या वाटेने मालाच्या बदल्यात माल असा व्यापार सुरू झाला. बँक नाही, पैशाचा व्यवहार नाही. महिनाभरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, दोन्ही देश युद्धाच्या तोंडाशी आले, तरीही हा छोटा व्यापार बंद पडला नाही. तो एप्रिल २०१९ मध्ये, गैरवापराच्या तक्रारींवरून भारताने स्थगित केला.

त्या सुमारास दोन्ही देशांमधला सरकारी नोंदीचा व्यापार जेमतेम अडीच अब्ज डॉलर होता. सर्व अडथळे दूर झाले तर तो ३७ अब्जांपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज जागतिक बँकेने २०१८ मध्ये केला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला झाला. भारताने तो दर्जा काढून घेतला आणि पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबविला. दिल्ली आणि इस्लामाबादच्या तिजोरीला फारसे जाणवले नाही. जाणवले ते अटारीच्या हमालाला, ट्रकवाल्याला, अमृतसरच्या आडत्याला. बंद करायला सोपे होते, कारण गमावण्यासारखे फार काही उरलेच नव्हते. ती सोय १९४९ मध्ये सुरू झाली होती.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध प्रवाशांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, भारताने अटारीची चौकी बंद केली आणि सिंधू जल करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. मे महिन्यात चार दिवस लढाई झाली. १९६५, १९७१ आणि १९९९ मध्ये जे कागदाला शिवले नव्हते, ते प्रथमच शिवले. पुढे काय होईल हे सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम नव्हे.

आपल्या घरात शिरखुर्म्याला खारीक लागते. पूर्वी ती बरीचशी पाकिस्तानातून, अटारीच्या वाटेने ट्रकमधून यायची. २०२५ च्या मे महिन्यात भारताने पाकिस्तानी माल थेट असो वा तिसऱ्या देशातून असो, आणण्यास बंदी केली. जूनमध्ये महसूल गुप्तचर विभागाने ३९ कंटेनर पकडल्याचे जाहीर झाले. कागदोपत्री माल संयुक्त अरब अमिरातीचा होता. प्रत्यक्षात तो कराचीहून दुबईमार्गे आलेला. त्यात खारीक होती. ती पकडली गेली ती मुंबईसमोरच्या न्हावाशेवा बंदरात, जेथून कराची समुद्राने जेमतेम दोन दिवसांच्या वाटेवर आहे.